दारफळणीचा खोकला

डेबोराबाईंचं दार लागलं की धामणशेताचा जीव टांगणीला लागायचा. एरवी ते दार सताड उघडं. ओट्यावर कुणीही टेकावं, माठातलं पाणी प्यावं, सासूचं नाहीतर सुनेचं गाऱ्हाणं सांगावं आणि हलक्या मनाने घरी जावं. पण दारफळणीचा सण आला, की आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत बाई दारं-खिडक्या आतून लावून घ्यायच्या, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही. पांढरी साडी नेसून बसायचं आणि वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागायची. त्या दिवशी बाईंच्या ओट्यापुढून जाताना गावातली पोरंसुद्धा आवाज खाली घेत.

आता एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंनी एक दिवस दार लावलं तर गावाचं काय अडतं, असं कुणीही विचारील. अडतं ते आभाळाचं. बाईंनी पेणच्या शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर त्या रोह्याजवळच्या या आपल्या गावी येऊन राहिल्या. गावात एकेकाळी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आख्खी आळी होती, तेलाचे घाणे होते. एकेक घर उठून इस्राएलला गेलं, आणि आता बाईंचं तेवढं उरलंय. लेक तामारही तिकडेच. ती दर आठवड्याला फोनवर विचारायची, आई, कधी येतेस? बाई म्हणायच्या, येते गं, एवढं भात घरात येऊ दे. बाईंच्या मालकीचं एक वाफाही भात नव्हतं. पण गावाचं भात घरात येईपर्यंत बाईंना घास गोड लागायचा नाही, हेही तितकंच खरं.

कारण आभाळ बघायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. रोज ऊन वर आलं की त्या टॅबवर उपग्रहाने काढलेलं चित्र उघडायच्या आणि ओट्यावर जो असेल त्याला दाखवायच्या. हे रंग खोटे आहेत, हे त्या पहिल्यांदा सांगायच्या. उपग्रहाला दिसतं ते सगळं आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला आपल्या ओळखीचे रंग फासलेत. झाडोरा हिरवा, कोरडी जमीन तांबूस, पाणी काळं. खालचे, पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरे. आणि खूप उंचावर गेलेले, बर्फाच्या कणांचे ढग मोरपंखी निळे. ढगात बर्फ म्हटल्यावर समोरच्या घरातला केरू पहिल्या दिवशी पोट धरून हसला होता. कोकणात बर्फ फक्त मासळीच्या गाडीत असतो, असं त्याचं म्हणणं. पण बाई सांगतील त्या दिवशी पाऊस यायला लागला आणि सांगतील त्या दिवशी ऊन पडायला लागलं, तेव्हा हाच केरू सगळ्यात आधी ओट्यावर येऊन बसायला लागला.

या केरूची सून नूतन. ती पेणची, बाईंच्याच हाताखाली शिकलेली. लग्न होऊन धामणशेतात आली आणि समोरच्या ओट्यावर आपल्या भूगोलाच्या बाई बघून तिला रडूच फुटलं. परक्या गावात माहेर मिळालं. मग दुपारची भांडी झाली की ती बाईंकडे जाऊन बसायची आणि चित्रं बघायची. तिला त्याची गोडीच लागली. हे खाडीचं पाणी, हे सुकेळीचं जंगल, हा नागोठण्याकडचा ओला पट्टा, असं ती बोट ठेवून सांगू लागली. बाई खूश, नूतन खूश, आणि केरूसुद्धा चारचौघांत मिशीला पीळ देऊन आमची सून उपग्रह वाचते म्हणून सांगायला लागला.

हे सगळं मागच्या वर्षीपर्यंत. मागच्या वर्षी ऐन कापणीत बाई डोळ्याच्या ऑपरेशनला पेणला भावाकडे गेल्या आणि चित्र बघायचं नूतनकडे आलं. त्या सकाळी आख्ख्या रायगड जिल्ह्यावर मोरपंखी चादर पसरलेली. नूतन घाबरली. एवढा निळा म्हणजे केवढा उंच ढग, केवढा पाऊस! तिने गावच्या ग्रुपवर टाकलं, की कापलेलं भात ताबडतोब उचला. कापलेलं भात तिथे शेतातच दोन दिवस उन्हात पसरून ठेवायची पद्धत. ते ओलसर भात लोकांनी धावतपळत उचललं, घराघरांत कोंबलं आणि आभाळाकडे बघत बसले. पाऊस कसला, लख्ख ऊन पडलं. घरातल्या भाताच्या राशी आतून तापल्या, दाणा पिवळा पडला, आणि पुढे वर्षभर ज्याच्या त्याच्या ताटातल्या भाताला कुबट वास. बाई दरवर्षी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, गावच्या नव्या भाताच्या पोह्यांत गूळ-खोबरं घालून. त्या वर्षी त्यांनाही पोहे रोह्याच्या बाजारातून आणावे लागले.

बाईंनी परत आल्यावर चूक दाखवली. ती चादर होती, पण तलम. तिच्यातून खालची जमीन दिसत होती. नूतनने रंग बघितला आणि तिथेच थांबली. बाई रागावल्या नाहीत. गाव मात्र विसरलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी भाताचा वास घेऊन नूतनकडे बघायचं आणि बाया पदराआड हसायच्या. केरू तर तिला सॅटेलाइट सूनबाई म्हणायला लागला, आणि त्यात कौतुक नव्हतं. नूतनने चित्रं बघणं सोडलं नाही, पण तोंड उघडणं सोडलं. बाई सांगतील ते ग्रुपवर टाकायचं आणि गप्प बसायचं, एवढंच.

आणि या वर्षी दारफळणी आली ती नेमकी दसऱ्याच्या दिवशी. बाई म्हणाल्या, त्यात नवल काय? तुमची अश्विनातली दहावी, आमची तिश्री महिन्यातली दहावी. चंद्र एकच आहे, कधीतरी गाठ पडणारच. पण केरूच्या तोंडचं पाणी पळालं. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात पिकून माना टाकून उभं होतं. आणखी एक पाऊस झाला तर ते आडवं पडणार आणि पडल्या जागी मोड येणार. गावातले निम्मे हात धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला. केरूचा मुलगा जितेशही तिथेच. सगळ्यांना एकत्र सुट्टी मिळते ती दसऱ्याला. म्हणजे कापायचं तर त्याच दिवशी. आणि कापून शेतात पसरलं आणि वरून पाऊस आला, तर उभं असतं ते बरं होतं म्हणायची पाळी. त्याच दिवशी बाईंचं दार बंद.

आदल्या संध्याकाळी बाईंनी नूतनला बोलावलं. खिडक्या लावून झाल्या होत्या, दार तेवढं उघडं होतं.

"उद्या तू बघ," बाई म्हणाल्या.

"बाई, माझं कोण ऐकणार?"

"ऐकतील न ऐकतील. तू नीट बघ. मागच्या वर्षी घाबरून बघितलंस. घाबरलेल्या माणसाला सगळंच निळं दिसतं." मग म्हणाल्या, "तामार विचारतेय गं. माझी बॅग अर्धी भरून पलंगाखाली आहे. ती पुरती भरायला हात होत नाही, कारण मी गेले तर इथे आभाळाकडे बघणारं कोण, असं वाटतं. आता जा. सूर्य मावळतोय."

नूतनने वाकून नमस्कार केला, आणि दार लागलं.

दसऱ्याची सकाळ उजाडली ती पांढरट. ऊन होतं, पण पाण्यात दूध घालावं तसं फिकट, आणि सूर्याभोवती भलंमोठं खळं पडलेलं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. खळं पडलं की पाऊस, हे त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं. आंघोळी आटोपून, विळ्यांची पूजा करून गडीमाणसं सवयीने बाईंच्या ओट्यापुढे जमली. दार बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पाय तिथेच आले.

नूतन टॅब घेऊन ओट्याच्या कडेला बसली होती. बाईंनी तो तिच्याकडे देऊन ठेवला होता. या चित्राला उजेड लागतो. ऊन चांगलं वर आल्याशिवाय त्यात रंग भरत नाही. तिने चित्र उघडलं. आख्ख्या रायगडावर मोरपंखी चादर. हुबेहूब मागच्या वर्षीसारखी.

लोक मागून डोकावत होते. पोपट, जो गावच्या नवरात्राचा मंडप सांभाळायचा आणि ज्याची जीभ कात्रीसारखी चालायची, तो म्हणाला, की निळं आहे बरं का, आता परत भात पलंगाखाली कोंबायचं का ते सांगा. सगळे हसले. उठून घरी जावं असं नूतनला फार वाटलं. पण तिने मान वर न करता चित्र मोठं केलं आणि निळ्याच्या आतून बघायला लागली. घाटातलं जंगल दिसत होतं, मळकट का होईना, हिरवं. कुंडलिका नदीची काळी रेघ दिसत होती. म्हणजे चादर तलमच. सूर्याला खळं पडलं होतं तेही तिच्याचमुळे. या चादरीतून थेंब पडणार नव्हता. आधीची चित्रं एकामागून एक बघितली, तर चादर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत होती, घाटावरून समुद्राकडे.

मग तिने घाटावर बोट नेलं. तिथे माथ्याला लागून पांढऱ्या ढगांचे गोळे उठले होते, लहान लहान, लाह्यांसारखे. पांढरे, म्हणजे अजून पाण्याचे. ती थांबली. पुढचं चित्र यायची वाट बघितली. ते आलं, आणि त्यातल्या दोन-तीन गोळ्यांच्या डोक्यावर निळं चढलेलं होतं. तलम नव्हे, घट्ट. त्याच्या आतून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ढग उभे वाढत होते, थेट बर्फाच्या उंचीपर्यंत. आणि वरचा वारा घाटाकडून इकडे होता.

तिने सांगितलं. आत्ता पाऊस नाही, दुपारपर्यंत ऊन राहील. दुपारनंतर घाटावरून मोठा पाऊस येईल, वाऱ्यासकट. उभं भात टिकणार नाही. आत्ताच्या आत्ता कापायला लागायचं आणि कापलेलं शेतात पसरायचं नाही, लगोलग उचलायचं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. उचलायचं हा शब्द ऐकला आणि मागच्या वर्षीचा कुबट वास जणू सगळ्यांच्या नाकात शिरला. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताकही फुंकून पिणारच. आणि केरूला सुनेवर विश्वास ठेवण्यापेक्षा दुसरी युक्ती सुचली.

तो ओट्यावर चढला, बाईंच्या बंद दारापुढे उकिडवा बसला आणि मोठ्याने म्हणाला, "बाय, तुमचा सण मोडायला सांगत नाय. दार वाजवत नाय, तुम्ही बोलू पण नका. फकस्त, कापू नको असं असंल तर एकदा खोका. कापायचं असंल तर गप बसा."

नूतन ताडकन उठली. "बाबा, असं करू नका. आज त्यांना त्रास देऊ नये."

"त्रास कसला गो? खोकायला काय लागतंय?"

सगळं गाव श्वास रोखून दाराकडे बघत राहिलं. आत चिटपाखरूही नसावं अशी शांतता. केरू बराच वेळ बसला, मग गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला. आणि बोलाफुलाला गाठ पडावी तसा आतून खोकला आला. कोरडा, लांबलेला खोकला, आधी दाबलेला आणि मग न आवरलेला.

झालं. बाई बोलल्या. आता ब्रह्मदेव आला तरी कुणी ऐकणार नव्हतं. पोपटने विळा कंबरेला खोचला, कुणीतरी पत्त्यांचा डाव मांडायचं काढलं, आणि केरू विजयी मुद्रेने ओट्यावरून उतरला.

नूतन टॅब छातीशी धरून उभी राहिली. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात पाप आलंच. गप्प बसावं. खोकला बाईंचा आहे, चुकलं तर नावही बाईंचंच जाईल. मागच्या वर्षीचा शिक्का पुसायचा यापेक्षा सोपा मार्ग कुठला? पण बाईंच्या पलंगाखालची ती अर्धी भरलेली बॅग तिला आठवली. आणि शेतात माना टाकून उभं असलेलं भात डोळ्यांपुढे आलं, ज्याच्या लावणीला ती स्वतः सासूबरोबर गुडघाभर चिखलात वाकली होती. तिला एकदम राग आला. सासऱ्याचा, गावाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या भित्रेपणाचा.

"बाई बोलल्या नाहीत, बाबा," ती म्हणाली. "बाईंना खोकला आला. कालपासून पाण्याचा थेंब नाही पोटात. मी चित्र बघितलंय. मी कापायला चालले."

असं बोलून ती खरंच चालायला लागली. मागे कुणी नव्हतं. घरापुढे सासू, शांती, विळ्याला हळदकुंकू लावत बसली होती. सुनेचा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं, आणि नवऱ्याच्या दिशेने एक कटाक्ष टाकून पदर खोचला.

"खोकला माणसाला येतो, ढगाला नाय," शांती म्हणाली. "चल गो. दसऱ्याचं नवं दाराला बांधायला लोंब्या तरी कापायच्याच हायेत. विळा हातात आल्यावर किती कापायचं ते आपण ठरवू."

दोघी वाफ्यात उतरल्या. थोड्या वेळाने जितेश आला. बापाच्या शब्दाबाहेर जायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो आधी बांधावर उभा राहून आभाळाकडे बघत राहिला, मग सदरा काढून बायकोच्या शेजारी वाकला. खर्रर्र खर्रर्र असा विळ्यांचा आवाज वाफ्यावरून गावात जायला लागला. आणि दसऱ्याला दारावर बांधायचं हे लोंब्यांचं नवं सगळ्यांनाच लागतं. लोंब्या कापायला म्हणून बाया आपापल्या शेतात आल्या, बघतात तो केरूच्या घरच्यांनी अर्धा वाफा मोकळा केलेला. कापणीचं असं असतं, की शेजारच्या शेतात विळा चालू असला की आपला हात गप्प बसत नाही. एक उतरली, दुसरी उतरली, मग त्यांचे नवरे पत्ते टाकून आले.

आता कापलेलं ठेवायचं कुठे? घरात कोंबलं तर पुन्हा तापणार, मागचंच रडगाणं. हे नूतनला सकाळपासून सलत होतं आणि भारा बांधता बांधता तिला जागा सुचली. ती धावत पोपटकडे गेली. नवरात्राचा मंडप. वर पत्रे, चारी बाजू मोकळ्या, खाली लाकडी फळ्या. वारा खेळता आणि पाणी वर. तिथे भात पातळ पसरलं तर तापायचं कारणच नाही. पोपट म्हणाला, देवी अजून बसलेली आहे, संध्याकाळी विसर्जन, तिच्यापुढे चिखलाचे पाय घेऊन कसं यायचं? उत्तर दिलं शांतीने, डोक्यावर भारा घेऊन मंडपाच्या कडेला उभं राहून. म्हणाली, देवीला नवं भात दाखवायला मुहूर्त लागतो का रे? तुझ्या देवीला इचार, ती नाय म्हणाली तर मी परत जाते. पोपटने देवीकडे बघितलं, देवी हसतच होती, आणि त्याने खुर्च्या उचलायला सुरुवात केली.

केरू कुठे होता? बाईंच्या ओट्यापुढे, एकटा, खोकल्याची राखण करत. त्याने आख्खं गाव शेतात उतरताना बघितलं आणि तरी हट्टाने बसून राहिला. दुपार कलली. खळं विरलं, ऊन कडक झालं, आणि तो मनात म्हणाला, बघा, कुठाय पाऊस? मग सहज त्याने घाटाकडे मान वळवली. डोंगरामागून ढग वर आला होता. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, वर वर चढत जाणारा, पायथ्याला काळाकुट्ट. केरू क्षणभर बघत राहिला. मग धोतराचा काचा मारून जो पळत सुटला तो थेट वाफ्यात. सुनेने त्याच्याकडे बघितलं आणि एक विळा पुढे केला. त्याने तो घेतला. त्या दिवशी त्याच्याइतकं भात कुणी वाहिलं नाही, हे त्याचे विरोधकसुद्धा मान्य करतील.

पोपटचं शेवटचं खाचर राहिलं होतं. मंडप मोकळा करण्यात त्याचा वेळ गेलेला. सगळे हात तिकडे वळले. शेवटचे भारे मंडपात टेकले आणि वारा आला. आंब्याची पानं उलटी झाली, पत्रे थरथरले, आणि मग घाटावरून सोडून दिल्यासारखा पाऊस कोसळला. समोरचं डोंगराचं धूड दिसेनासं झालं. ओलीचिंब माणसं मंडपात दाटीवाटीने उभी होती. पायांशी सोनेरी भात पसरलेलं, मधोमध देवी, आणि ओल्या पेंढ्याचा गोड वास. नूतनच्या हाताला विळा लागून रक्त आलं होतं, ते जितेशने बघितलं आणि आपला रुमाल बांधला. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

पाऊस आला तसा गेला. संध्याकाळी आभाळ धुऊन निघालं. देवीचं विसर्जन करून माणसं आपट्याची पानं, म्हणजे दसऱ्याचं सोनं, घेऊन परतली आणि परत बाईंच्या ओट्यापुढे गोळा झाली. शांतीने लोंब्या, आंब्याची डहाळी आणि झेंडूची फुलं एकत्र गुंफून बाईंच्या चौकटीला नवं बांधलं. नूतन पाण्याचा तांब्या आणि सरबत घेऊन पायरीवर बसली. ताम्हिणीच्या डोंगरावर पहिली चांदणी दिसली, मग दुसरी, तिसरी. आतून कडी निघाली.

बाई दारात उभ्या होत्या, पांढऱ्या साडीत, चेहरा ओढलेला. त्यांनी आधी सगळ्यांकडे बघितलं, मग चौकटीवरच्या लोंब्यांकडे, मग नूतनच्या हातावरच्या रुमालाकडे. पाणी प्यायल्या. केरू पुढे झाला, हात जोडून, एवढासा चेहरा करून. त्याला विचारल्याशिवाय राहवेना.

"बाय, तो खोकला..."

"घसा कोरडा पडला होता रे," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता. "तू बाहेर काय बोललास ते सगळं ऐकू आलं. पदर तोंडात कोंबला, तरी खोकला आला. मला चित्रही दिसत नव्हतं, आभाळही दिसत नव्हतं. माझ्या खोकल्याने गावाचं भात जाणार म्हणून माझा जीव नुसता उडाला. आज माफी मागायचा दिवस. बाकीची सगळी पापं राहिली बाजूला, मी त्या एका खोकल्याचीच माफी मागत बसले होते."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि बाईही हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"मग विळ्याचा आवाज आला," त्या म्हणाल्या. "आधी एक. मग दुसरा. खिडकी बंद होती, पण तो आवाज ऐकू येतो. पहिला विळा कुणाचा ते मला कळलं. मग मी देवाकडे दुसरं मागायला मोकळी झाले."

काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही. नूतनने त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली, वाकून पाया पडली. बाईंनी तिला उठवून जवळ घेतलं आणि हळूच म्हणाल्या, की यंदा मलिद्याला आपल्याच भाताचे पोहे कांडायचे, आणि मलिदा झाला की तामारला तिकीट काढायला सांगायचं. बाई जाणार याचं नूतनला दुःख होतं, आणि जाऊ शकतात याचा आनंदही. तिने सरबताचा ग्लास बाईंच्या हातात दिला.

ओट्यावर सरबत फिरलं. पाऊस गेला तरी उशिरा पिकणारं निमगरवं आणि गरवं भात अजून शेतात उभंच होतं, ते पिकेपर्यंत आभाळाची काळजी राहणारच होती. केरूने ग्लास खाली ठेवला, मिशी पुसली आणि विचारलं, "मग, उद्याचं काय?"

बाईंनी सवयीने तोंड उघडलं.

"तुम्ही घोट घोट सरबत घ्या, बाय," केरू म्हणाला. "मी हिला इचारतोय."

आणि ओट्यावरची सगळी तोंडं नूतनकडे वळली.